दुष्काळ येण्याआधी दिलेले दान

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०
सोबत वाचावे : उत्पत्ति ४१:२५-४९, उत्पत्ति ४७:१३-२५, २ करिंथ ८:१-२१
केंद्रविचार : भुकेल्याला वेळेवर दिलेली भाकर हीच खरी भाकर. वेळेवर द्यायची तर माणूस भुकेला होण्याआधीच तयारी करावी लागते.



दर वर्षी १६ ऑक्टोबरला जागतिक अन्नदिन पाळला जातो. आपल्याकडे त्याच सुमारास भाताची कापणी सुरू होते आणि मंडळ्यांमधून हंगामाच्या उपकारस्तुतीची तयारी चालते. १९४५ साली याच तारखेला कॅनडातील क्वेबेक शहरात संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हावर गव्हाची ओंबी आहे आणि खाली लॅटिन भाषेतील दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ, भाकर असो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. जगातील राष्ट्रे एकत्र येऊन तीच भाकर सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न कसा करतात, त्यात कुठे यश आले, कुठे अपयश आले आणि त्यातून मंडळीने काय शिकावे, हे या पाठात पाहू.

त्यासाठी नव्या करारातील चार वचनांचा एक छोटा उतारा घेतला आहे. पुष्कळदा वाचताना आपण तो ओलांडून पुढे जातो.

१. अंत्युखियात काय घडले?

यरुशलेमेहून काही संदेष्टे अंत्युखियास आले. त्यांच्यातील अगब याने उठून सांगितले की मोठा दुष्काळ पडणार आहे. लूक लिहितो की तो क्लौद्य कैसराच्या काळात पडला. मग तेथील शिष्यांनी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांना साह्य पाठवण्याचे ठरवले, आणि ते बर्णबा व शौल यांच्या हाती तेथील वडिलांकडे पाठवले.

हा दुष्काळ इतिहासालाही ठाऊक आहे. यहूदी इतिहासकार योसेफस याने तो नोंदवला आहे. साधारण इ. स. ४६ ते ४८ या काळात यहूदीयात धान्य महाग झाले आणि पुष्कळ माणसे अन्नावाचून मेली. त्या वेळी अदियाबेने या लहान राज्याची हेलेना राणी यरुशलेमेत होती. तिने आपली माणसे पाठवून आलेक्सांद्रियाहून धान्य आणि कुप्र बेटाहून सुकी अंजिरे विकत आणवली व गरजूंना वाटली. राणीने आपल्या खजिन्यातून दिले, अंत्युखियाच्या विश्वासणाऱ्यांनी आपल्या मिळकतीतून दिले.

या उताऱ्यात तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. इशारा आधी ऐकला गेला. दान ऐपतीप्रमाणे दिले गेले. आणि ते विश्वासू हातांनी, तेथील जबाबदार माणसांकडे पोहोचवले गेले. या तीन गोष्टींच्या आधारे आजच्या जगाकडे पाहू.

२. इशारा ऐकणे

मराठीत पाऊस न पडण्याला 'अवर्षण' हा शब्द आहे, पण बोलताना आपण त्यालाही दुष्काळच म्हणतो. दोन्हींत फरक आहे. अवर्षण आभाळातून येते. अन्नावाचून माणसे मरतील की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी माणसांच्या हाती असते. १९८१ साली अमर्त्य सेन यांनी दुष्काळांवरील आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले. बाजारात धान्य असतानाही ज्याच्या हाती ते घेण्याचे साधन उरत नाही, तो उपाशी मरतो.

१९८४ मध्ये इथिओपियातील भयंकर दुष्काळाची चित्रे दूरदर्शन संचांवर दिसली तेव्हा जग हेलावले. मदत आली, पण तोवर लक्षावधी लोक उपासमारीत सापडले होते. त्या धड्यातून १९८५ मध्ये अमेरिकेच्या साह्याने दुष्काळाची पूर्वसूचना देणारी एक यंत्रणा उभी राहिली. ती उपग्रहांवरून पाऊस आणि पिकांची स्थिती पाहते. गावोगावच्या बाजारातले भावही टिपते. एक बकरी विकली तर किती ज्वारी येते, हा तिचा एक महत्त्वाचा हिशेब असतो. बकऱ्या स्वस्त आणि ज्वारी महाग होऊ लागली की समजावे, लोक घरातील शेवटची पुंजी विकायला निघाले आहेत.

२००४ मध्ये सोमालियात अन्न व कृषी संघटनेच्या कामातून आणखी एक साधन तयार झाले. पाच टप्प्यांची ही मोजपट्टी आता अनेक देशांत वापरली जाते. पहिला टप्पा बऱ्या स्थितीचा आणि पाचवा दुष्काळाचा. एखाद्या भागात किमान २० टक्के घरांना अन्नाची अत्यंत टंचाई असेल, सुमारे ३० टक्के बालके तीव्र कुपोषित असतील आणि दर १० हजार लोकांमागे रोज दोन माणसे भुकेमुळे मरत असतील, तर तेथे दुष्काळ आहे असे ठरते. हे वाचताना मन थांबते. तो शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच किती घरांत मरण येऊन गेलेले असते!

आता सोमालियाचे उदाहरण नीट पाहू. त्या देशात वर्षातून दोनदा पाऊस येतो, एप्रिल ते जूनचा 'गू' आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा 'देयर'. दक्षिणेकडील बे प्रांत ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. २०१० च्या अखेरचा देयर फसला. पाठोपाठ २०११ चा गूही अपुरा पडला. ऑगस्ट २०१० पासूनच पूर्वसूचना देणाऱ्यांनी इशारे देण्यास सुरुवात केली होती. पण देशात यादवी होती. दक्षिणेकडील मोठ्या भागावर अल-शबाब या सशस्त्र गटाचा ताबा होता आणि त्याने अनेक मदतसंस्थांना बंदी केली होती. दुसरीकडे, मदत त्या गटाच्या हाती पडेल या भीतीने देणाऱ्या देशांनीही हात आखडता घेतला. महिने गेले. २० जुलै २०११ रोजी दक्षिण बकूल आणि खालचा शबेल या भागांत दुष्काळ जाहीर झाला आणि मग मदतीचा ओघ सुरू झाला.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती. आणि मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दुष्काळ जाहीर होण्याआधीच गेले होते.

अगबाचा इशारा अंत्युखियाने ऐकला. २०१० मध्येही इशारा होता आणि तो एकदाच दिला गेला असेही नाही, पण ऐकणाऱ्यांनी खात्री होण्याची वाट पाहिली. खात्री झाली तेव्हा लहान कबरी खणून झाल्या होत्या.

२०१६-१७ मध्ये सोमालियात पुन्हा पाऊस फसला. या वेळी मात्र २०१७ च्या सुरुवातीलाच मदत वाढवण्यात आली. काही महिन्यांतच दरमहा ३० लाखांहून अधिक लोकांपर्यंत अन्नसाह्य पोहोचू लागले. दुष्काळ टळला. २०२० च्या अखेरपासून सलग पाच पावसाळे फसले, तेव्हाही २०२२ मध्ये तो पाचवा टप्पा कसाबसा टळला. तरी त्या एका वर्षात नेहमीपेक्षा सुमारे ४३ हजार अधिक मृत्यू झाले असा अंदाज आहे. त्यांत निम्मी लहान मुले होती. म्हणून 'टळला' हा शब्दही आपण जपून वापरावा.

३. ऐपतीप्रमाणे देणे

जागतिक अन्न कार्यक्रम ही संयुक्त राष्ट्रांची संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. इराणमध्ये १९६२ साली झालेल्या भूकंपात तिने पहिली मोठी मदत केली आणि २०२० मध्ये तिला नोबेल शांती पुरस्कार मिळाला. पुष्कळांना माहीत नसते की या संस्थेला कोणतेही ठरलेले उत्पन्न नाही. ती पूर्णपणे स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर चालते. जगातील सर्वांत मोठी अन्नसाह्य संस्था आपल्या मंडळीच्या दानपेटीसारखीच चालते म्हणा ना!

हे तिचे बळ आहे आणि दुबळेपणही. देणाऱ्यांचे मन बदलले की ताटातील घास कमी होतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा वर सांगितलेली पूर्वसूचनेची यंत्रणाही काही महिने बंद पडली. रखवालदारच झोपी गेला तर गावाने काय करावे?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते. २०३० पर्यंत भूक शून्यावर आणण्याचे ध्येय राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवले होते. १९७४ साली रोम येथील जागतिक अन्न परिषदेत तर दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असा संकल्प झाला होता. संकल्प सोपे असतात. लूक मात्र मुद्दाम सांगतो की अंत्युखियाच्या शिष्यांनी ठरवले आणि तसे केलेही.

या कामी मंडळ्यांचा वाटा लहान नाही. कॅनडात १९८३ पासून अनेक ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या मिळून एक धान्यबँक चालवतात. शेतकरी शेजारीपाजारी मिळून एखादे शेत या कामासाठी राखतात, पेरतात, कापतात आणि त्याचे उत्पन्न भुकेल्यांसाठी देतात. सुरुवातीला देणगीत कॅनडाचे धान्यच जहाजाने जात असे. पुढे त्यांच्या लक्षात आले की संकटाच्या जागेजवळच धान्य विकत घेतले तर ते लवकर पोहोचते आणि तिथल्या शेतकऱ्यालाही भाव मिळतो. आपल्याच देशाच्या मालाचा आग्रह सोडावा, अशी विनंती त्या शेतकऱ्यांच्या धान्यबँकेने सरकारला केली, आणि २००८ मध्ये कॅनडाने ती अट पूर्णपणे काढून टाकली. आपला माल खपावा यापेक्षा भुकेल्याला लवकर मिळावे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. हेलेना राणीनेही धान्य मिसरातून घेतले, कारण यरुशलेमेला ते जवळ होते.

४. विश्वासू हातांनी पोहोचवणे

अंत्युखियाने दान वडिलांकडे पाठवले, कारण यरुशलेमेत कोणती विधवा उपाशी आहे हे तेथील वडिलांनाच ठाऊक होते. पौल पुढे करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा दानाच्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये म्हणून सोबत नावाजलेले बांधव पाठवत असल्याचे सांगतो. हिशेब चोख ठेवणे हा त्याच्या दृष्टीने सेवेचाच भाग होता.

आजही हाच प्रश्न कळीचा आहे. २०२३ मध्ये इथिओपियात मदतीचे धान्य भलतीकडे वळवले जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने आणि अमेरिकेने तेथील वाटप काही महिने थांबवले. चोरी एकाने केली, उपास दुसऱ्याला घडला.

अलीकडे जिथे बाजार चालू असतो तिथे धान्याऐवजी रोख रक्कम देण्याची पद्धत वाढली आहे. सोमालियात २०१७ मध्ये पुष्कळ कुटुंबांना मोबाइलवरून पैसे मिळाले. आईला ठाऊक असते की आज दूध हवे की औषध. तिच्यावर विश्वास टाकणे हेही दानच आहे. युद्धामुळे बाजारच बंद असेल तर मात्र रोख उपयोगाची नाही, तिथे धान्याची गाडीच पोहोचावी लागते.

इथिओपियात २००५ पासून चालू असलेली योजना आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. टंचाईच्या गावांत दर वर्षी ठरावीक महिने लोकांना बांधबंदिस्ती, तळी, झाडे लावणे अशी कामे दिली जातात आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रियांना कामाशिवाय साह्य मिळते. महाराष्ट्राने १९७२-७३ च्या दुष्काळात हेच केले होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पीक गेले तरी हाताला काम आणि मजुरी होती, म्हणून मोठा मृत्युकांड टळला. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. रेशनवरची लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवते.

५. सावधगिरीचा एक शब्द

योसेफाची गोष्ट आपण मुलांना आनंदाने सांगतो. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि मिसर वाचला. ते खरेच आहे. पण उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय आपण क्वचितच वाचतो. लोकांचा पैसा संपला तेव्हा त्यांनी धान्यासाठी गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. जीव वाचला, पण जमीन गेली. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली असते त्याच्या हाती माणसेही येतात, हे शास्त्र लपवत नाही.

आपल्या देशानेही हे अनुभवले आहे. १९६५ ते ६७ च्या टंचाईत अमेरिकेचा गहू येत होता, पण त्या देशाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडाथोडा सोडून भारताला ताटकळत ठेवले. मदत करणाऱ्याने अट घातली की घास कडू होतो. आणि आजच्या काळात सुदान व गाझा येथे युद्धातून भूक निर्माण झालेली आपण पाहिली. २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५ मध्ये गाझा शहर परिसरात पाचवा टप्पा जाहीर झाला. अशा ठिकाणी धान्य जगात पुरेसे असते, ते अडवलेले असते. म्हणून अन्नासाठी प्रार्थना करताना शांतीसाठी आणि न्यायासाठीही प्रार्थना करावी लागते.

अंत्युखियाच्या दानात अशी अट कुठेच दिसत नाही. देणारे बहुतेक परराष्ट्रीय होते, घेणारे यहूदी होते. तरी लूक घेणाऱ्यांना 'बांधव' म्हणतो. पौलाच्या शब्दांत सांगायचे तर हेतू समानतेचा होता. आज एकाची विपुलता दुसऱ्याची गरज भागवते, उद्या उलटही होऊ शकते.

६. आपल्या पाड्यांकडे पाहताना

सोमालिया दूर आहे, पण तेथील हिशेब आपल्या सेवाक्षेत्रात ओळखीचा आहे. आदिवासी पाड्यांवर काम करताना मी पाहते की ज्येष्ठ-आषाढात कणगी तळाला जाते. भात, नागली, वरई संपत येते आणि शेतीचे काम मात्र त्याच दिवसांत सर्वांत जड असते. रानभाज्या आधार देतात, पण त्यांनी पोट पूर्ण भरत नाही. या दिवसांच्या धान्याला आणि त्यासाठी घेतलेल्या कर्जाला आपल्याकडे 'खावटी' हा शब्दच आहे. म्हणजे ही भूक अचानक येत नाही. ती दर वर्षी येते आणि तिला नाव आहे. करोनाच्या काळात महाराष्ट्र शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी प्रत्येकी ४ हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. शासनाने वेळेवर द्यावे म्हणून पाठपुरावा करणे हेही आपले काम आहे.

इशारेही इथे असतात. बकरी पावसाच्या तोंडावर विकायला काढली. भांडी गहाण पडली. दिवाळीनंतरच्या वीटभट्टीच्या कामाची उचल आषाढातच घेतली गेली. अंगणवाडीत बाळाचे वजन दोन महिने वाढले नाही. दंडाचा घेर मोजणारी तीन रंगांची पट्टी सोमालियाच्या छावणीत वापरतात आणि आपल्याकडेही. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की ती लाल दाखवते. पण लाल दिसण्याआधी पिवळे दिसलेले असते. अगबाचा आवाज आज या पिवळ्या रंगातून येतो असे मला वाटते.

अन्नसुरक्षेची व्याख्या १९९६ च्या रोम परिषदेत ठरली. तिचे सार चार साध्या शब्दांत सांगता येईल : धान्य असणे, ते परवडणे, ते अंगी लागणे आणि हे सर्व बारा महिने टिकणे. आपली मंडळी नाताळात धान्य व कपडे प्रेमाने वाटते. त्यात खंड पडू नये. पण नाताळात कणगीत नवे भात असते. त्याच दानाचा एक हिस्सा राखून वैशाखात पाड्यावर पोहोचला तर? काही पाड्यांवर स्त्रियांनी मिळून चालवलेले धान्यकोष असतात. पावसाळ्यात गरजू घर पायलीने धान्य उचलते आणि कापणीनंतर तेवढेच व वर थोडे परत करते. हिशेब पाड्यावरच्याच बाया ठेवतात. अशा कोषात पहिले धान्य घालणे मंडळीला सहज शक्य आहे. किल्ली मात्र पाड्याकडेच असावी.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. अंत्युखियाच्या शिष्यांनी दुष्काळ दिसण्याआधी दान दिले. आपण बहुधा फोटो पाहिल्यावरच का देतो?
२. उत्पत्ति ४१ आणि ४७ एकत्र वाचा. साठवण केव्हा आशीर्वाद ठरते आणि केव्हा बंधन?
३. आपल्या मंडळीच्या दानाचे वेळापत्रक कोणाच्या सोयीचे आहे, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?
४. येत्या वैशाखापूर्वी आपल्या गटाने ठरवून पूर्ण करावी अशी एक गोष्ट कोणती?

प्रार्थनेचे विषय

सोमालिया, सुदान, गाझा आणि जिथे अन्न अडवले जाते त्या सर्व ठिकाणांसाठी. जिवावर उदार होऊन धान्य पोहोचवणाऱ्या चालकांसाठी व कामगारांसाठी. देणाऱ्या राष्ट्रांच्या अंतःकरणांसाठी. आपल्या पाड्यांवरील आया, बालके आणि अंगणवाडीसेविका यांच्यासाठी.

हे प्रभू, अरण्यात भुकेल्यांना बसवून तू त्यांना भाकर दिलीस आणि उरलेले तुकडे वाया जाऊ दिले नाहीस. इशारा ऐकणारे कान, वेळेवर उघडणारे हात आणि चोख हिशेब ठेवणारे मन आम्हांला दे. आमेन.